पाठकोरा

वेइयोला अजूनही पावणेपाचला जाग येते.
गिरणी बंद होऊन चौदा महिने झाले,
भोंगा मात्र त्याच्या पोटऱ्यांत राहिलाय कुठेतरी.
मी कूस बदलते. तो अंधारातच कॉफी ठेवतो,
दोन मापं जास्त,
जणू पाळीवरचे सगळे आत्ता दारात बूट झटकतील.

तेहतीस वर्षं पाच नंबरच्या मशीनवर.
कागद तुटायच्या आधी मशीनच्या आवाजात
शिंक अडकल्यासारखं काहीतरी व्हायचं म्हणे.
ते फक्त ह्यालाच ऐकू यायचं.
मशीन आता सुटं होऊन बोटीतून गेलं, कुठल्या देशात ते ठाऊक नाही.
कान इथेच राहिले.
रोजगार कार्यालयातली सान्नी भली पोर आहे.
तिने ‘इतर कौशल्ये’ या रकान्यात लिहिलं, ‘ऐकणे’,
आणि स्वतःच हसली. तोही हसला.
मग दोघंही खिडकीबाहेर बघत बसले.

सदतीस अर्ज.
नकार फोनवर येतात, बहुतेक रात्री,
‘आपण दाखवलेल्या उत्साहाबद्दल आभार’.
म्हणतो, नाही म्हणायला हरकत नाही गं,
पण ह्याला वजन नाही, कड नाही,
चिमटीत धरता येत नाही, असला कसला नकार?

तांपेरेच्या मेव्हण्याने एक जाड पुस्तक पाठवलं,
रोज सकाळी आरशात बघून हसा, असं सांगणारं.
ते कपडे धुण्याच्या मशीनच्या डुगडुगत्या पायाखाली
अगदी चपखल बसलं.

पण खोटं कशाला बोलू.
डिसेंबरात एका संध्याकाळी
न तापवलेल्या सौनात हा बसलेला दिसला,
कोट, टोपी, बूट, सगळं अंगावर.
मी शाळेच्या स्वयंपाकघरातून आले होते, हाताला कांद्याचा वास.
तशीच शेजारी टेकले.
धीर धर, होईल सगळं नीट, हे माझ्या जिभेवर आलं
आणि मी ते गिळलं.
गार लाकूड. कुणाचाच श्वास नीट दिसेना, इतका काळोख.
बऱ्याच वेळाने म्हणाला,
ही फळी ढिली झालीय. उद्या ठोकतो.
उद्या.
मला तेवढा एक शब्द महिनाभर पुरला.

फळी ठोकली त्याने. मग वरची. मग शेजारच्या आइलाबाईंची पायरी.
मंगळवारी शर्टाला इस्त्री करतो,
मुलाखत असो वा नसो.
मी विचारत नाही.

परवा टपालाने पाकीट आलं. खरंखुरं, तिकीट लावलेलं.
खालच्या अंगाला एक लाकडाची वखार आहे,
तिचा म्हातारा मालक अजून पत्रं लिहितो.
वेइयोने उघडलं आणि वाचलंच नाही.
आधी चिमटीत धरलं. मग खिडकीशी नेऊन उजेडात.
मग कानाजवळ नेऊन हलकेच फडकवलं,
माझ्या अंगावर काटा आला.

आपला आहे, म्हणाला.
पाच नंबरचा. शेवटच्या हिवाळ्यातला,
बघ, ह्या बाजूला केसभर जाड,
रोलर बदलून द्या म्हणून मी कंठशोष करत होतो.
अरे, पण लिहिलंय काय?
नाही म्हणालेत, असं म्हणून तो हसायला लागला,
खोकला येईपर्यंत, टेबलावर हात आपटत,
सदतीस नकारांत पहिल्यांदाच
कुणीतरी त्याचंच काहीतरी त्याला परत दिलं होतं.

मग त्याने कागद पालथा केला.
पाठकोरा.
पेन्सिल शोधली, सुरीने टोक काढलं.
नदीवरच्या वीजकेंद्रात रात्रपाळीला माणूस हवाय,
त्याचा मसुदा. पहिली ओळ खोडली, दुसरीही.
तिसरीपाशी अडला आणि मला म्हणाला,
‘मशीन बिघडणार असलं की मला आधी कळतं’
की ‘आधी ऐकू येतं’?

कळतं, मी म्हणाले. कळतं बरं दिसेल.

त्याने ‘ऐकू येतं’च लिहिलं.